वाइन होऊ नये म्हणून

सौदीतल्या तायफच्या डोंगरावर, धुक्यातल्या जुन्या दगडी किल्ल्यात, मला एकाच कामाचा पगार मिळतो — द्राक्षरसाची वाइन होऊ द्यायची नाही. मी समरीन. टाकीत बुडबुडे दिसले की वहीत लिहायचं, 'गेला'. मग तो रस सिरक्याच्या, म्हणजे व्हिनेगरच्या, खोलीत जातो.

नोव्हेंबर संपता संपता टाकीचं कूलिंग बंद पडलं आणि खाली समुद्रकाठच्या उकाड्यातल्या राबिघहून मेकॅनिक आला. कुडकुडत. माझ्याशी हिंदीत बोलला, मशीनशी मराठीत.

"चालू हो गं बाई. लोक बघतायत."

"लोक म्हणजे मीच," मी मराठीत म्हणाले.

तो एवढा दचकला, की हातातला पाना पायावर पडला. माझ्या.

हम्माद, मंडणगडचा. पुढचे तीन दिवस तो मशीन कमी आणि माझे पाय जास्त तपासत होता... लांबूनच.

"उजवा कसा आहे?"

"लागलंय डाव्याला."

"हो, पण उजव्याला वाईट वाटायला नको."

आमचे कफील, म्हणजे मालक, यूनुस यांनी जाहीर केलं, "टाकी वाचली तर हा पोरगा इथेच कायम. नाहीतर यल्ला, परत राबिघ."

'बुडबुडे येऊ देऊ नकोस' असं तीन दिवस मी टाकीपेक्षा स्वतःलाच जास्त समजावलं.

चौथ्या सकाळी एक बुडबुडा आला. चुकून आला असेल, म्हणून मी थांबले. मग त्याचं अख्खं खानदान आलं.

"नाही लिहिलं तर?" मी हळूच विचारलं.

हम्मादने टाकीकडे पाहिलं, मग माझ्याकडे... जरा जास्तच वेळ. "तर लोक पितील. लिहा तुम्ही."

मी लिहिलं. त्याच क्षणी मला तो फार म्हणजे फार आवडला, जे अगदीच गैरसोयीचं होतं.

"खलास," यूनुस म्हणाले. हम्मादने बॅग भरली. यूनुस सिरक्याच्या खोलीत गेले आणि दात वाजवत परतले. पाच हजार लिटर रस, आणि सिरक्याला ऊब लागते. या थंडीत खोली गरम कोण ठेवणार?

"मी थंड करणारा माणूस आहे," हम्माद म्हणाला.

"मग उलटं कर."

बॅग खाली ठेवून तो माझ्याकडे आला. "सिरका व्हायला किती दिवस लागतात?"

"तीन महिने. घाई नाही केली, तर चार."

"मला... घाई नाही. म्हणजे, सिरक्याची नाही. तुमच्या अब्बांना भेटायची आहे."

"जुम्म्याच्या नमाजनंतर घरीच असतात."

"काय सांगू त्यांना?"

"फक्त नाव. बाकीचं मी परवाच सांगितलंय."