आधी दुकान, मग घर

लाइट काही आता लवकर येत नाही. तेव्हा मोबाइल खाली ठेवा आणि गोष्ट ऐका. मधे बोलायचं नाही, आणि ज्याला खाली जाऊन यायचं असेल त्याने आत्ताच जाऊन यावं. नंतर जिन्यात सोबत मागितलीत तर मी उठणार नाही, आधीच सांगून ठेवतो.

गोष्ट आमच्या सलूनवाल्याची आहे. मी बसवर कंडक्टर होतो तेव्हापासून माझं डोकं त्याच्याच हातात असायचं. आता त्यात कापण्यासारखं काही राहिलं नाही, तो भाग वेगळा. माणूस अबोल. ही हकिगत त्याने मला एकदाच सांगितली, आणि पुन्हा कधी विषय काढला नाही. मीही काढला नाही.

साथीचं वर्ष. तुम्ही तेव्हा लहान होता, शाळा बंद म्हणून खूश होता. मोठ्यांची मात्र झोप उडाली होती. सलूनवाल्याच्या गावात आत येणारा डांबरी रस्ता एकच, त्यावर लोकांनी आडवा बांबू टाकला होता. बाहेरच्या बाजूला पाण्याचं पिंप, त्याला नळ, नळाला दोरीने बांधलेला साबण. शेजारी चुन्याने काढलेली वर्तुळं. येणाऱ्याने हात धुवायचे, वर्तुळात उभं राहायचं आणि आपण कोण, कुठले ते सांगायचं. रात्री पाळीपाळीने पहारा. सलून बंद, सलूनवाला रिकामा, त्यामुळे त्याच्या वाट्याला पाळ्याही जास्त.

आता गाव म्हटलं की तऱ्हा आल्याच. रिटायर झालेले हेडमास्तर पालेभाजी साबणाने धुवायचे, पेपर दिवसभर उन्हात टाकून संध्याकाळी शिळा वाचायचे आणि सख्ख्या जावयाशीसुद्धा खिडकीतून बोलायचे. दुसरीकडे पैलवान. त्याची व्यायामशाळा होती. साथबीथ काही नाही, लोकांना घाबरवायची थेरं आहेत सगळी, असं तो चारचौघांत छाती काढून सांगायचा आणि मास्क हनुवटीला दाढीसारखा लावून हिंडायचा. घरात मात्र दिवसातून तीनदा टॉवेलखाली वाफ घेत होता. तोंड लालबुंद करून बाहेर यायचा, त्यामुळे सगळ्यांना ठाऊक होतं, पण त्याच्या दंडाकडे बघून कुणी बोलत नव्हतं.

सलूनवाला या दोघांच्या मधला. तो वाद घालत नसे, फक्त घाबरत असे. घरात म्हातारी आई, तिला जुना दमा. रात्री ती नुसती खोकली तरी हा अंथरुणात उठून बसायचा.

मास्कमुळे कुणाचा चेहरा कळत नाही अशी सगळ्यांची तक्रार होती, याची नव्हती. आयुष्यभर माणसांच्या मागे उभा राहिलेला माणूस तो. चेहऱ्यापेक्षा मानेवरून ओळखायचा. बांबूपाशी कुणी आलं की म्हणायचा, "मागे वळा." लोक हसायचे, पण वळायचे. आणि हा बरोब्बर सांगायचा कोण ते.

त्याचा धाकटा भाऊ शहरात होता, एका हॉटेलच्या भटारखान्यात. त्याच्या डोक्यावर दोन भोवरे होते. दोन भोवरे म्हणजे दोन लग्नं, असं म्हणून आई त्याला चिडवायची, आणि तो म्हणायचा आधी एक तर लावून दे. हा धाकटा कधीही गावी आला की आधी दादाच्या दुकानात, खुर्चीत बसायचा. केस कापून, मान पुसून, माणसात येऊन मग आईसमोर. पहिल्यांदा नोकरीवरून आला तेव्हा झिपऱ्या पाहून आई रडली होती, पोराचे हाल झाले म्हणून. तेव्हापासूनचा दोघा भावांचा नियमच तो. आधी दुकान, मग घर.

शहर बंद झालं. हॉटेल बंद, बस नाही, ट्रेन नाही. धाकट्याने काही दिवस कळ काढली आणि मग चालत निघाला.

इकडे त्याच आठवड्यात शेजारच्या वस्तीत एक पेशंट निघाला. शाळेच्या पटांगणात लोक लांब लांब बसले. पैलवान म्हणाला, शहरातून येतायत ती आपली माणसं आहेत, येऊ द्या. हेडमास्तर म्हणाले, आपलं असो की परकं, कुणीही नको, नाहीतर गाव जाईल. शेवटी कुणालाच आत घेऊ नये असं ज्यांना वाटतं त्यांना हात वर करायला सांगितले. सलूनवाल्याला माहीत होतं की आपला भाऊ रस्त्यात आहे. त्याला आईचा खोकला आठवला. त्याने हात वर केला.

दुसऱ्या दिवशी धाकट्याचा फोन आला. हा म्हणाला, येऊ नको, गावात घेणार नाहीत. आपलाही हात वर होता हे सांगायची त्याची छाती झाली नाही. धाकटा म्हणाला, "आत नको घेऊस, दादा. तू बाहेर ये. केस तेवढे काप, फार वाढलेत. आईला लांबून बघेन आणि जाईन." हा काही बोलणार तोच फोन बंद पडला. पुन्हा लागला नाही. स्वतःची इतकी लाज त्याला कधी वाटली नव्हती.

त्यानंतरची शुक्रवारची रात्र. ऐन उन्हाळा, अमावास्येची आदली रात्र. आईला औषध देऊन, पाण्याची बाटली आणि घोंगडी घेऊन हा पहाऱ्याला गेला. जोडीला पैलवान होता. रानातल्या पायवाटेने लोक चोरून शिरतात म्हणून पैलवान शिटी घेऊन तिकडे फेरी मारायला गेला. बांबूपाशी हा एकटा. दिवे नाहीत. वारा नाही. गदगदत होतं.

याचा डोळा लागला असावा.

पाण्याच्या आवाजाने जाग आली. पिंपाचा नळ चालू होता. कुणीतरी हात धूत होतं. साबण लावून. सावकाश. एक हात, मग दुसरा. मग पुन्हा पहिला.

याने टॉर्च लावला तोवर नळ बंद झाला होता. आणि समोर, बांबूच्या पलीकडे, चुन्याच्या वर्तुळात एक माणूस उभा होता. अगदी मधोमध. तोंडावर मास्क. पाय गुडघ्यापर्यंत धुळीने पांढरे.

"कोण?"

याने टॉर्च वर धरला.

"मागे वळा."

माणूस वळला. केस कॉलरच्या खाली आलेले... आणि डोक्यावर दोन भोवरे.

धाकटा आला होता. इतकं चालून, शेवटी आला होता. आनंदाने याचे डोळे भरले, आणि त्याच क्षणी भीतीही वाटली, कारण पैलवान कधीही परत येईल. याने बांबू उचलला नाही. खालून वाकून ये, असं हाताने खुणावलं. बांबू उचलला नाही म्हणजे नियम मोडला नाही, अशी मनाची समजूत. माणूस अशा वेळी स्वतःशी काय काय हिशोब करतो बघा.

दुकान रस्त्यालगत पहिलंच. शटर अर्धं वर केलं. आरशाला धूळ बसू नये म्हणून जुनी चादर टाकलेली होती, ती तशीच राहू दिली. मोबाइलचा दिवा कंगव्यांच्या मगात उभा केला. धाकटा खुर्चीत बसला. न सांगता. नेहमीसारखा.

याने गळ्याभोवती कापड बांधलं. बोट मानेला लागलं... मान गार होती.

त्या उकाड्यात. गार.

हात धुतलेत, तोंडही धुतलं असेल, असं याने मनाशी म्हटलं. कात्री घेतली. डावीकडून सुरुवात केली, ती त्याची सवय. कंगवा, कात्री. कंगवा, कात्री. थोड्या वेळाने त्याच्या लक्षात आलं. कात्रीचा आवाज येतोय... केस तुटल्याचा येत नाहीये.

"आई कशी आहे?" मास्कच्या आतून आलं.

"बरी आहे."

"जाऊ तिच्याकडे?"

कात्री थांबली. जा म्हणावं तर तो दमा, तो खोकला. नको म्हणावं तर...

"आत्ता नको रे," हा म्हणाला. मग त्याला राहवेना. "त्या दिवशी हात मीही वर केला होता."

याने कात्री पुन्हा चालवली.

"माहीत आहे, दादा."

तुला कुणी सांगितलं, असं याला विचारायचं होतं. विचारलं नाही. खाली मान घालून कात्री चालवत राहिला. डावी बाजू झाली. कानामागची रेघ नीट ओढली. तो उजवीकडे वळला आणि बाहेर शिटी वाजली.

पैलवान.

याने झटकन दिवा विझवला. "हलू नकोस. आलोच." शटरखालून बाहेर पडला. पैलवानाला दुकानात उंदीर शिरलाय म्हणून काहीबाही सांगितलं. चहा हवा होता त्याला, तो घरून आण म्हणून पिटाळलं. आणि परत आला.

दिवा लावला.

खुर्ची रिकामी. कापड खुर्चीवर पडलेलं. दुकानाला दुसरं दार नाही... आणि शटरसमोर तर हाच उभा होता.

हाक मारली. हळू. मग जरा मोठ्याने.

काही नाही.

दुकानात केस पडलेले ठेवायचे नाहीत, ही त्याच्या वडिलांची शिकवण. हातांना दुसरं काही सुचेना, म्हणून त्याने झाडू घेतला. खुर्चीच्या डावीकडे झाडू फिरवला. मग उजवीकडे. मग खाली वाकून, दिवा जवळ धरून, हाताने चाचपून पाहिलं.

फरशी स्वच्छ होती.

सकाळी अनोळखी नंबरवरून फोन आला. बोलणारा भाजीचा टेम्पो चालवायचा, त्याच्याकडे रस्त्याचा परवाना होता. तुमच्या भावाचा फोन चार्ज केला, शेवटचा नंबर तुमचाच होता, म्हणाला. भाऊ रस्त्याकडेच्या झाडाखाली बसला होता. पाणी मागितलं. टेम्पोतून बाटली आणेपर्यंत मान टाकली होती. डॉक्टरांनी सांगितलं ऊन लागलं, साथीचं काही नाही.

सलूनवाल्याने एवढंच विचारलं, "कधी?"

"काल दुपारी."

संध्याकाळी टेम्पो बांबूपाशी आला. आता गंमत बघा. आपली माणसं येऊ द्या म्हणणारा पैलवान घराबाहेर पडला नाही, ताप आल्यासारखं वाटतंय म्हणून निरोप पाठवला. आणि जावयाशी खिडकीतून बोलणारे हेडमास्तर दोन मास्क, हातमोजे घालून, थरथरत का होईना, आले आणि टेम्पोच्या फळीपाशी उभे राहिले. भीती कुणाला कुठे घेऊन जाईल, सांगता येत नाही. आई मागे लांब, दगडावर बसून होती. तिला कुणी पुढे येऊ देत नव्हतं.

धाकट्याला डोक्यापासून पायापर्यंत प्लास्टिकमध्ये गुंडाळलं होतं. ड्रायव्हर म्हणाला, उघडू नका, बघवणार नाही. सलूनवाला म्हणाला, मला चेहरा नाही बघायचा, मागून बघू द्या.

हेडमास्तरांनी आणि त्याने मिळून धाकट्याला कुशीवर वळवलं. डोक्याजवळची दोरी सोडली.

दोन भोवरे.

उजवीकडचे केस कॉलरच्या खाली आलेले, घामाने चिकटलेले. आणि डावीकडचे... बारीक कापलेले. एकसारखे. कानामागे रेघ ओढलेली. दुसऱ्या कुणाचा हात असता तर त्याला कळलं असतं. स्वतःचा हात कळणार नाही का?

"याचे केस कुणी कापले?" त्याने ड्रायव्हरला विचारलं.

"केस?" ड्रायव्हर म्हणाला. "अहो, काल दुपारी बांधून दिल्यापासून याला कुणी हातसुद्धा लावलेला नाही. लोक जवळ यायला तयार नव्हते."

सलूनवाला दुकानात गेला, कंगवा आणि कात्री घेऊन आला. तिथेच, रस्त्यात, सगळ्यांच्या देखत, त्याने उजवी बाजू कापली. सावकाश. मानेवरचे केस फुंकरीने उडवले. रुमालाने मान पुसली. मग त्याने स्वतः जाऊन बांबू उचलला, आईला हाताला धरून पुढे आणलं, आणि धाकट्याला घरी नेलं.

त्या दिवशी रस्त्यावर पडलेले उजवीकडचे केस त्याने वेचून रुमालात बांधले. मी पाहिलाय तो रुमाल, दुकानात आरशामागे असतो.

डावीकडचे केस मात्र... दुकानाची फरशी त्याने किती वेळा धुतली असेल, खुर्ची उखडून खाली पाहिलं, रस्ता पाहिला. ज्या झाडाखाली धाकट्याने मान टाकली, तिथवरही जाऊन आला.

अजून सापडलेले नाहीत.