चौकातला चोथा

तो माणूस माझ्या औषधाच्या चोथ्यापुढे उकिडवा बसला होता. हातात काडी, आणि चोथा चक्क उचकत होता!

आमच्या शंगचौ गावात काढा गाळला की चोथा चौकात ओततात. येणाऱ्याजाणाऱ्यांच्या पायांबरोबर दुखणं निघून जातं म्हणे. पण तो असा वाचत बसायचा नसतो हो!

"अहो, काय चाललंय?" मी ओरडले.

"दालचिनीच्या काड्या, आलं, पिओनीची मुळी..." त्याने मानही वर केली नाही. "पाळीत ओटीपोटात कळा, हातपाय गार. बरोबर ना?"

भरचौकात! "हळू बोला! लाज आहे की नाही?"

"लाज तुम्हाला वाटायला हवी. गाढवाच्या कातड्याचा हा डिंक बघा, नुसता चिकटून बसलाय. तो उकळायचा नसतो, गाळलेल्या गरम काढ्यात विरघळवायचा. पुडक्यावर मी स्वतः लिहितो."

"पुडकं कोण वाचतं?"

तेव्हा त्याने वर पाहिलं... आणि हसला. मेला इतका छान हसला, की पुढचं भांडण मी विसरलेच.

हा पेइलिन, वैद्य तानबाईंचा मुलगा. आई बायकांच्या नाड्या बघते, हा औषधं तोलतो. माझी पुडकी मैत्रीण आणायची, म्हणून आमची गाठ पडली नव्हती.

आणि मी सुईयिन. संगीत नाटक मंडळीत नायक करते. हो, नायकच – आमच्या नाटकात पुरुषांची कामंही बायकाच करतात. रंगमंचावर मी डझनभर नायिका पटवल्यात! पण लागोपाठ दोन खेळांना कळांनी विंगेत कोसळले, आणि मंडळीच्या मालकीण लौबाईंनी बजावलं, "चंद्रोत्सवाच्या खेळाला पडलीस, तर नायक कायमचा दुसरीला." चंद्रोत्सव नेमका माझ्या तारखांवर येत होता.

दुसऱ्या दिवसापासून काढा पेइलिनच उकळू लागला. मी रोज सकाळी दुकानात जाऊन तो प्यायची.

"शी! कडूजहर!"

"नायक असं तोंड करतात?"

"नायकांना पाळी येत नाही!"

आतून तानबाई खळखळून हसल्या. काय बाई होती ती! मनगटावर तीन बोटं ठेवून डोळे मिटायची आणि विचारत राहायची... झोप लागते का, गार पाणी पितेस का, शेवटची कधी रडलीस. माझ्या आईने मला नुसतं सोसायला शिकवलं होतं. इतकं कोणी विचारलंच नव्हतं.

"या पाळीलाच कळा थांबतील असं वचन मी देत नाही हं," त्या म्हणाल्या. "कमी होतील. धीर धर."

धीर कसला धरते! मी पेइलिनच्या बोटांकडे बघत बसायची. एकेक मुळी तो किती जपून तोलायचा...

चंद्रोत्सवाच्या सकाळी पाळी आली. पहिला अंक निभावला. दुसऱ्याआधी पाय गार पडले, डोळ्यांपुढे अंधारी आली. आणि विंगेत पेइलिन! हातात शेकायला नागदवण्याच्या पाल्याची गरम पुरचुंडी, तोंड भिंतीकडे.

"पट्ट्याखाली बांध. मी बघत नाही."

"बांध? मला 'तू' म्हणालात?"

"...चुकून."

"चुकून नका म्हणू, मुद्दाम म्हणा."

त्याचे कान लाल झाले. मी पुरचुंडी बांधली आणि रंगमंचावर गेले. कळा होत्या. पण त्यांनी मला पाडलं नाही. शेवटच्या गाण्यापर्यंत उभी राहिले!

"नायक तुझाच," लौबाई म्हणाल्या. मला आनंदाने वेड लागायचं बाकी होतं. तशीच मिशा फेंदारत पेइलिनपुढे गेले, त्याचा हात धरला आणि भरदार आवाजात विचारलं, "सुंदरी, माझ्याशी लग्न कराल?"

सगळी मंडळी हसली. तो हसला नाही.

"हे नायक विचारतोय," तो हळूच म्हणाला. "तू विचारशील तेव्हा सांगेन."

झालं! मी मिशा काढल्या, रंग धुतला, माझ्या साध्या सदऱ्यात त्याच्यासमोर आले.

"पेइलिन... म्हणजे... तुझी हरकत नसेल तर... आपण दोघं –"

"हो."

"अरे, पूर्ण तरी करू दे!"

"कर ना. मी परत हो म्हणेन."

मी पूर्ण केलं. तो परत हो म्हणाला, आणि या वेळी त्याचा आवाज माझ्यापेक्षा जास्त कापत होता.