शेवंतीची खुर्ची

"गेलेल्या माणसाच्या खुर्चीत बसवायला बाहुली कधी करून देऊ नकोस," रंभाबाई म्हणाल्या होत्या. "शेल्फावर बसू दे, पोराच्या कुशीत झोपू दे. पण माणसाच्या जागी नको. खुर्ची भरलेली दिसली की लोक विचारायचं सोडतात."

योगिनी तेव्हा हसली होती. रंभाबाई शाळेत चित्रकला शिकवून निवृत्त झालेल्या. डोंबिवलीत घरीच कापडी बाहुल्यांचा क्लास घ्यायच्या, आणि सुईत दोरा ओवता ओवता असं काहीबाही बोलायची त्यांना सवयच होती. दिवेलागणीला बाहुलीचे डोळे काढू नयेत, एकाच बैठकीत दोन चेहरे करू नयेत... त्यातलंच हेही एक, म्हणून योगिनीने ते सोडून दिलं.

एरवी ती काही सहज सोडून देणाऱ्यांतली नव्हती. घराबाहेर पडताना गॅसचं बटण दोनदा बघणारी, चार वर्षांची उर्वी झोपली की तिच्या नाकापुढे बोट धरून श्वास तपासणारी बाई ती. घटस्फोट झाल्यापासून मायलेकी ठाकुर्लीत राहायच्या. आठवडाभर ऑफिस, आणि रविवारी दुपारी बाहुल्या. चिंध्या, कापूस, लोकरीचे केस. सुई हातात असली की योगिनीच्या डोक्यातली काळजीची गिरणी तेवढ्यापुरती बंद पडायची.

सर्वेश भेटला तो डोंबिवलीच्या प्रदर्शनात. तिच्या टेबलासमोर उभा राहून तो एका बाहुलीकडे बघत होता. बराच वेळ.

"हिला डोळे का नाहीत?"

"अजून काढले नाहीत. डोळे शेवटी."

"म्हणजे समोर कोण उभंय ते हिला कळतच नाही."

"कळून काय फरक पडणारे तिला?"

"पडतो ना. मुद्दाम इस्त्रीचा शर्ट घालून आलेलो."

योगिनीने हसू दाबलं, पण ते गालात राहिलंच. तेवढ्यात टेबलाखालून उर्वीचा हात वर आला. हातात बाहुलीचा एक लांबलचक पाय, अर्धा भरलेला.

"काका, हा धरा. सोडू नका हां, कापूस सांडतो."

त्याने धरला. मग गिऱ्हाईकं आली, गेली, कुणी भाव करून गेलं. बाहेर परतीच्या पावसाची एक सर येऊन गेली, ओल्या छत्र्यांचा वास हॉलभर पसरला — आणि हा आपला पाय धरून उभाच.

"अहो, ठेवा आता तो," योगिनी म्हणाली.

"नको. जिने धरायला सांगितलाय ती बोलली नाही अजून."

एवढ्याशा गोष्टीवर माणसाने भाळू नये, हे योगिनीला चांगलं कळत होतं. पण तिच्या घरात आजवर कुणी काही धरून थांबलं नव्हतं.

पुढच्या रविवारी तो घरीच आला. हातात पिशवी, पिशवीत हिरवी सुती साडी. त्याच्या आईची, शेवंतीची. ती गेल्याला वर्ष होत आलं होतं.

"अण्णा टिटवाळ्याला असतात," त्याने सांगितलं. अण्णा म्हणजे त्याचे वडील. ठाकुर्लीची चाळ पाडल्यावर त्यांनी तिकडे नव्या बिल्डिंगमध्ये घर घेतलं होतं. "आईची वेताची खुर्ची आहे खिडकीपाशी. अण्णा त्या रिकाम्या खुर्चीशी बोलतात. मला नाही बघवत. तिथे काहीतरी बसलेलं असलं तर... आईसारखं... कराल?"

रंभाबाईंचं बोलणं तिला आठवलं. कानाशी डास गुणगुणावा तसं. पण सर्वेश तिच्याकडे बघत होता, आणि त्याच्या डोळ्यांत पाणी होतं की खिडकीतला उजेड, ते ठरवता ठरवता ती "हो" म्हणून बसली.

आधी साडी धुतली. रंभाबाईंचा पहिला धडाच तो: धुतल्याशिवाय कापडाला कात्री लावायची नाही, नाहीतर बाहुली पुढे आटते, शिवणी ओढल्या जातात. दोन पाण्यांतून काढून तिने ती दोरीवर वाळत घातली. मग मापं घेतली. बाहुली मोठी करायची होती, जवळजवळ उर्वीएवढी. खुर्चीत नीट बसायला हवी म्हणून बुडाशी वाळूची पुरचुंडी.

रविवारमागून रविवार सर्वेश येत राहिला. कापूस पिंजून द्यायचा, लोकरीचा अंबाडा उर्वीच्याच डोक्यावर बांधून बघायचा. बोलण्यातलं "तुम्ही" कधी गळून पडलं, ते दोघांनाही कळलं नाही. निदान तसं दोघांनी दाखवलं.

चेहऱ्याच्या दिवशी तो तिच्या अगदी शेजारी बसला.

"आईला हसताना एकाच गालावर खळी पडायची. उजव्या."

योगिनीने डोक्याच्या मागून सुई घातली, गालातून काढली, पुन्हा मागे नेली आणि दोरा ओढायला लागली. गाल हळूहळू आत गेला.

"अजून थोडं... अजून... बस. बस!"

त्याची बोटं तिच्या बोटांवर होती. दोरा दोघांच्याही हातात. गाठ मारायला एक हात मोकळा करावा लागणार होता, आणि तो कुणीच करत नव्हतं.

"सोड," ती म्हणाली. "गाठ मारायचीय."

"मार की. मी कुठे नाही म्हणतोय?" मग थोडं थांबून, "माझी बाहुली केलीस, तर आत काय घालशील?"

"कापूस. दुसरं काय?"

"काळीज वगैरे?"

"ते ज्याचं त्याने आणून द्यायचं."

तो मोठ्याने हसला. उर्वी धावत आली. "काका, तुम्ही आज इथेच राहणार?"

"बघू," तो म्हणाला.

त्याचं नेहमीचं उत्तर होतं ते. जेवायला थांबशील? बघू. दिवाळीत येशील? बघू. योगिनी मनातल्या मनात प्रत्येक "बघू"चं "हो" करून ठेवायची. बाहुल्या करणाऱ्या बाईला ती सवयच असते. चिंधी दिसली की तिला त्यात चेहरा दिसतो.

टिटवाळ्याला तिघं मिळून गेली. पूर्वेला, रस्ता संपतो तिथे पिवळी बिल्डिंग. घरं विकली गेलेली, पण खालची दोन-तीन बिऱ्हाडं सोडली तर राहायला कुणी आलेलं नाही. चौथ्या मजल्यावर एकच पडदा, तो अण्णांचा.

अण्णांनी दार उघडलं. उंच, जरासे वाकलेले, कानाला यंत्र. सर्वेशने बाहुली खुर्चीत बसवली, पदर सारखा केला. "बघा, कोण आलंय."

अण्णा बघत राहिले. मग हळूच वाकले, पदराचं टोक उचललं आणि नाकाशी धरलं.

"धुतली?"

"हो," योगिनी म्हणाली. "कापायच्या आधी धुवावी लागते. नाहीतर नंतर आटते."

"हं." त्यांनी पदर खाली ठेवला, त्याची घडी नीट केली. "माझ्या उशीखाली असायची ती. तिचा वास होता."

"अण्णा, धुतलेलीच बरी," सर्वेश फोनमधून मान वर न करता म्हणाला. "वर्षभराची धूळ बसलेली."

उतरताना जिन्यात योगिनी थांबली. "साडी त्यांना विचारून आणलेलीस ना?"

"अगं, विचारलं असतं तर दिली असती का त्यांनी?" तो म्हणाला, आणि त्याने तिचा हात धरला. पहिल्यांदाच. तीन मजले उतरेपर्यंत सोडला नाही.

तो प्रश्न जिन्यातच राहिला. गॅसचं बटण दोनदा बघणाऱ्या बाईने तो परत वळून बघितलासुद्धा नाही.

दिवाळी झाल्यावर एका संध्याकाळी तो दोघींना ठाण्याला घेऊन गेला, तलावपाळीला. पाण्यात दिव्यांच्या रेघा हलत होत्या. भाजक्या कणसांचा वास, उर्वीच्या तोंडाला लिंबू-तिखट. योगिनीने त्या दिवशी आकाशी कुर्ता घातला होता. घरून निघतानाच तिने ठरवलं होतं, आज आपणच बोलायचं. "बघू" म्हणायची सोयच ठेवायची नाही.

"सर्वेश, मला ना—"

"आधी माझं ऐक. मस्कतची नोकरी पक्की झाली. सोमवारी निघतो."

ती तलावाकडे बघत राहिली. "कधी ठरलं हे?"

"उन्हाळ्यातच. अण्णांमुळे अडकलेलो. एकट्याला टाकून कसं जायचं? मनाला लागून राहायचं. ते तू सोडवलंस गं. आता सोबत आहे त्यांना. परवा फोन केला तर म्हणाले, बसलोय दोघं खिडकीत."

"ती बाहुली आहे, सर्वेश."

"त्यांना चालतंय ना पण."

उर्वीने त्याच्या हातात कणीस दिलं, "काका, धरा," आणि फुगेवाल्याकडे पळाली. योगिनीची नजर सवयीने तिच्यामागे गेली. नजर तिकडेच ठेवून तिने विचारलं, "आणि आम्ही?"

"म्हणजे?"

"म्हणजे... आम्ही."

तो खरोखर गोंधळला. त्याचंच तिला पुढे जास्त लागलं. "अगं, मी असं काही बोललेलो का कधी तुला?"

नव्हता बोलला. तिने सगळे रविवार उलटेसुलटे करून पाहिले. पाय धरलेला, दोरा धरलेला, हात धरलेला. बोललेलं काहीच सापडेना.

"चिडू नकोस ना," तो हसत म्हणाला. "असं कर, माझी पण एक बाहुली कर. सोफ्यावर बसव. आठवण येणार नाही."

"माणसाच्या जागी बसवायला मी बाहुल्या करत नाही," योगिनी म्हणाली.

फार उशिरा म्हणाली. उर्वी फुगा घेऊन परत आली तेव्हा कणीस आईच्या हातात होतं. "काकांनी सोडलं?" तिने विचारलं.

त्यानंतर योगिनी एकटीच टिटवाळ्याला जाऊ लागली. साडीबद्दल माफी मागायला म्हणून गेली, आणि मग जातच राहिली. अण्णा चहा करायचे, उर्वीला रेल्वेच्या नोकरीतल्या गमती सांगायचे.

"तुम्हाला नको असेल तर मी घेऊन जाते हिला," एकदा ती खुर्चीकडे बघत म्हणाली.

"असू दे. खळी तेवढी डाव्या गालावर हवी होती."

"सर्वेश उजव्या म्हणाला."

"त्याचं लक्ष कुठे असायचं, पोरी." अण्णा स्वतःशीच हसले. "आधी खालची माणसं वर यायची. एकटे आहात, जेवलात का, विचारायची. आता खालूनच हात करतात. हिला बघून त्यांना बरं वाटतं. माझी तक्रार नाही... पण चहाला एक कप जास्त टाकायची सवय लागली होती."

योगिनीने हातातला कप खाली ठेवला. रंभाबाईंची सुई आत्ता कुठे आरपार गेली होती.

आणि आता उर्वीला कांजिण्या झाल्यात. उर्वीच्या उतरतात न उतरतात तोच योगिनीच्या अंगावर उठल्या. म्हाताऱ्या माणसाच्या जवळपासही जायचं नाही, असं डॉक्टरांनी बजावलंय. रोज सकाळी अण्णांचा फोन यायचा, "पोरगी कशी आहे?" परवापासून तो आला नाही. ती करते तर नुसती रिंग वाजत राहते.

तिने वॉचमनला फोन केला. "ताई, आत्ताच बघितलं मी. खिडकीत बसलेत."

"कोण बसलंय?"

"आजी."

"आजी नाहीत हो तिथे. वर जाऊन बेल वाजवा ना."

"लिफ्ट बंद आहे. जातो जरा वेळाने."

सर्वेशला मेसेज केला. मस्कतहून उत्तर आलं: बघू.

तेव्हा ही गोष्ट वाचणारं कुणी टिटवाळ्याच्या पूर्वेला राहत असेल, तर योगिनीचं एवढं ऐका. रस्ता संपतो तिथली पिवळी बिल्डिंग, चौथा मजला. खाली कुणी सांगेल, आहेत, बसलेत. मान वर केलीत तर खिडकीत हिरव्या साडीतलं कुणीतरी दिसेलही. तेवढ्यावर परत फिरू नका. जिना चढा. अण्णांना कमी ऐकू येतं, बेल दोनदा वाजवा. आणि दार उघडेपर्यंत तिथेच थांबा.