टाक्यातली हाक

मठाखालच्या जुन्या टाक्याला आतून गिलावा करायचा होता. काम साधं. मी आणि फिदेन्सियो शिडीनं उतरलो. माझ्या मुलीच्या बाप्तिस्म्याला त्यानं तिला हातांवर धरलं, तेव्हापासून आम्ही एकमेकांना कोंपाद्रे म्हणतो.

आत निवडुंगाच्या रसात मळलेल्या चुन्याचा वास कोंडला होता. वर ताटाएवढं आभाळ. जुन्या गिलाव्यावर थापीचे फराटे उलटे होते.

"हा गवंडी डावखुरा," मी म्हणालो.

"पाद्र्यांनी त्याला आतच ठेवून टाक्याचं तोंड बुजवलं म्हणे," फिदेन्सियो हसला. "काम फारच आवडलं असेल!"

आमच्याकडे बंद जागेतून निघताना स्वतःचं नाव घेऊन आत हाक मारतात. नाहीतर सावली मागं राहते. मी मारली.

"माझी सावली माझ्यासारखीच जाडी, कोंपाद्रे," तो म्हणाला. "टाक्याच्या तोंडातच अडकेल."

हाक न मारताच तो घरी गेला.

दुसऱ्या दिवशी तो भर उन्हात अंगणातल्या भिंतीकडं तोंड करून बसला. घास गिळेना. "अंधार आहे... झाकण काढा, कोंपाद्रे..." एवढंच म्हणे.

त्याची बायको एउलालिया रडली नाही. "तुम्ही नेलंत खाली. तुम्हीच आणा."

दुपारी मी एकटा उतरलो.

"फिदेन्सियो, चला घरी. इथं राहू नका."

भिंतीआड ठकठक झाली. थापीची मूठ आपटल्यासारखी. मग अगदी कानाशी, "आलो..."

अशा वेळी मागं बघायचं नसतं. मी चढू लागलो. माझ्याखाली शिडी कुणाच्या तरी वजनानं करकरत होती. वरचं आभाळ काही केल्या जवळ येईना. आणि खाली ठकठक चालूच होती... आधीपेक्षा घाईनं.

त्याच्या घरी पोचलो तर फिदेन्सियो घेवड्याबरोबर मक्याच्या भाकऱ्या खात होता. एउलालियानं माझे हात कपाळाला लावले. मी त्याच्या हाताकडं बघत होतो. भाकरी डाव्या हातानं मोडत होता.

"कोंपाद्रे," तो म्हणाला, "टाक्यात पाणी कधी सोडायचं?"

उजाडताच मी शिडी घेऊन धावलो. टाकं काठोकाठ भरलं होतं. तोंडाशी तो बसला होता, पाय हलवत.

"काही राहिलं का खाली?" त्यानं विचारलं.

मी शिडी परत आणली. एउलालियाला काय सांगणार? ती पुन्हा गाऊ लागली आहे.

टाक्यावर वारा पोचत नाही. तरी दुपारी पाण्यावर वलयं उठतात. मधून काठाकडं जात नाहीत. भिंतीपासून सुरू होतात.