रुसलेल्या मैनेची नक्कल

“बाजूला व्हा हो, सावली पडायलीय,” नागनाथ मान वर न करताच म्हणाला.

“न्हाई होत.”

त्यानं दचकून वर पाहिलं. पूर्णेच्या रेल्वे क्वार्टरच्या अंगणात, ऐन दुपारी, ती कमरेवर हात ठेवून उभी होती... उन्हानं लाल झालेला चेहरा, आणि हातात एक निळा कागद. त्यानंच छापलेला!

नागनाथ रेल्वेच्या ऑफिसात नकाशे काढायचा. नकाशाखाली रसायनाचा मसाला लावलेला कागद ठेवून काचेची चौकट उन्हात धरली, मग कागद पाण्यात धुतला, की निळ्यावर पांढऱ्या रेघांची नक्कल उमटायची. भरतकामाचा एक नमुना त्यानं शांतम्मावहिनीच्या मैत्रिणींना असाच छापून दिला होता.

“हा नमुना माझा हाय,” ती म्हणाली. “परभणीच्या प्रदर्शनासाठी काढलेला. शांतम्मावहिनींना नुसता बघायला दिला होता उशीचा अभ्रा... आता अख्खी पूर्णा तेच भरायलीय!”

कापडवाल्या भीमाशंकरअप्पांची लेक महादेवी ती हीच, हे ध्यानात येताच तो उठून उभा राहिला.

“कुणाचा, ते मी विचारलंच नाही,” तो म्हणाला. “पेपरात आलंय, नवा कायदा झालाय. ज्यानं काढलं त्याचाच हक्क. तुमी माझ्यावर मुकदमा करू शकता.”

“अगं बाई! चोरच कलम सांगायलाय!” तिला हसू फुटलं. पण लगेच तिनं काखेतला अभ्रा उलगडून त्याच्यापुढं धरला. “आन् हे बघा. माझी मैना राघूकडं पाठ करून बसलीय. रुसलीय ती. तुमी तिला परस्पर राजी केलं?”

नागनाथचे कान तापले. दोन्ही बाजू सारख्याच असणार, असं धरून त्यानं कागद मधोमध दुमडला होता. एकच बाजू गिरवून दुसरी तशीच उलटी उतरवली होती, म्हणून मैनेचं तोंड राघूकडं झालं होतं. पुलाच्या नकाशाला ते चालतं...

आता त्यानं अभ्रा नीट पाहिला. मैनेची मान एवढीशीच मागं वळलेली. पण त्या वळणात राग होता, आणि राघू अजून जवळ येतो का, याची चोरटी चाहूलही. चार टाक्यांत एवढं सगळं! त्याच्या सरळ रेघांना हे कधीच जमलं नसतं.

“लय सुंदर आहे,” तो पुटपुटला.

“ठाऊक हाय मला,” म्हणून ती निघाली... पण फाटकाशी एकदा वळलीच.

प्रदर्शनात तिला भीती होती तेच झालं. भिंतीवर ओळीनं राघू-मैना, सगळे समोरासमोर. पारखायला आलेल्या कमलबाई महादेवीच्या अभ्र्यापाशी थांबल्या. “या एकीलाच नक्कल नीट उतरवता आली नाही वाटतं,” म्हणत त्यांनी तो बाजूला ठेवला.

महादेवी तो उचलायला पुढं झाली.

तिकिटाच्या खिडकीशीही बोलताना अडखळणारा नागनाथ दारातल्या पुरुषांतून पुढं आला. “बाई... मूळ हेच आहे. चुकलेली नक्कल माझी.” खिशातला गिरवलेला कागद त्यानं उजेडात धरला. “ही मधली घडी बघा. मी अर्धंच काढलं. पुरं यांनी काढलंय.”

“खरं हाय बाई,” मागून शांतम्मावहिनी म्हणाल्या. “आमी समद्यांनी महादेवीचंच उचललं.”

कमलबाईंनी त्या वळलेल्या मानेवरून बोट फिरवलं. मग त्यांनी स्वतःच्या हातानं तो अभ्रा मधोमध टांगला आणि खाली महादेवीचं नाव लिहायला लावलं.

आठवड्यानं नागनाथच्या काचेवर पुन्हा सावली पडली. या खेपेला तो ‘बाजूला व्हा’ म्हणाला नाही. छपाई बिघडली, तरी नाही.

तिनं हातरुमाल पुढं केला. कोपऱ्यात राघू-मैना होते... चोचीला चोच लावून, समोरासमोर.

“ही तर... माझी चुकलेली नक्कल!”

“हं. तुमचीच उतरवली मी. इजाजत न घेता.” तिनं पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. “करा की मुकदमा.”

“कुठं करू?” त्यानं कसंबसं विचारलं.

“आमच्या दुकानात,” ती खाली बघत म्हणाली. “अप्पा सांजच्यापस्तोर बसलेले असतात.”