वादळाच्या चुका

गिटारच्या तारा घ्यायला ती एका वाद्यदुरुस्तीच्या दुकानात शिरली आणि दारातच थबकली. आत तिचे बाबा गात होते!

बाबांना तर ती आत्ताच घरी घोरताना सोडून आली होती.

एके काळी बाबांना सगळे 'वादळ' म्हणत. रॉक गाणारे, स्टेज हादरवणारे. आता त्यांचे करार, कार्यक्रम, गोळ्या... सगळं तीच सांभाळायची. आणि हे गाणं त्यांनी कधीच रेकॉर्ड केलं नव्हतं.

"हे कुठून आणलंत?"

काउंटरमागच्या तरुणानं उघडा अॅम्प्लिफायर बाजूला सारला. "जुन्या कार्यक्रमांतलं आहे! लोकांच्या माळ्यांवरून कॅसेटी जमवल्या, बारा वर्षं." त्यानं कौतुकानं दोन सीडींचा संच पुढे केला. वर हातानं काढलेलं बाबांचं चित्र. नाक अंमळ मोठंच. "विकत नाही हं, ओळखीत फुकट वाटतो."

"त्यांची परवानगी?"

"ते फार तापट आहेत म्हणे."

"आहेत. माझे वडील आहेत ते."

तरुणाचा चेहरा पांढराफटक. "मग... नाकाबद्दल सॉरी."

हसू दाबत तिनं वकिलाची धमकी दिली आणि पुरावा म्हणून संच उचलला.

पुरावा तिनं घरी तीनदा ऐकला. एका गाण्यात बाबा शब्द विसरले होते. अख्खं कडवं 'ला ला ला'वर मारून नेलं आणि मग स्वतःच खदाखदा हसत सुटले. आई गेल्यापासून हे हसू घरात कुणी ऐकलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी ती पुन्हा दुकानात. "सगळ्या चुकाच का घेतल्यात?"

"बिनचूक गाणी कुठंही मिळतात," तो हळूच म्हणाला. "चुकल्यावर ते जे हसतात ना... ते नाही मिळत."

तिनं वर पाहिलं — आणि जरा जास्तच वेळ पाहत राहिली.

संध्याकाळी तिनं बाबांना सगळं ऐकवलं. ते कडाडले, "चोर! कुठंय तो?" आणि तरातरा दुकानात पोचले. "तिसऱ्या गाण्याचं साल चुकलंय! आणि हे नाक? नाक लहान कर, मग देतो परवानगी!"

झालं! त्या दिवसापासून साल तपासायला वादळ रोज दुकानात ठाण मांडून. ती रोज त्यांना न्यायला यायची, तासभर आधीच. पण बाबांसमोर तिला आणि त्या तरुणाला एक वाक्य धड बोलता येईल तर शपथ!

शेवटी एका दुपारी बाबांनी हेडफोन चढवले, डोळे मिटले. ती काउंटरवर वाकली.

"मला तू आवडतोस. आता तू बोल, पटकन. गाणं साडेचार मिनिटांचंच आहे."

त्याच्या हातातला स्क्रू गडगडत गेला. "मी... म्हणजे मला... रोज साल मुद्दाम चुकवतो मी. ते उद्याही यावेत म्हणून... म्हणजे तू यावीस—"

"लबाडा!" तिनं स्क्रूंच्या पसाऱ्यातून त्याचा हात धरला.

"हा ड्रमवाला कायम उशिरा!" हेडफोन लावलेले बाबा ओरडले आणि त्यांनी डोळे उघडले. हातात हात दिसले. हेडफोन सावकाश खाली आले.

"हे कधीपासून?"

"तीन मिनिटं झाली असतील," ती म्हणाली. हात सोडला नाही.

बाबांनी दोघांकडे आळीपाळीनं पाहिलं. मिशीच्या कडा थरथरल्या.

"मग लांबलचक गाणं लाव रे एखादं," ते म्हणाले आणि हेडफोन पुन्हा कानावर चढवून भिंतीकडे तोंड करून बसले.