चार वाजता पडणारा सिग्नल

यावर तुमचा विश्वास बसणार नाही, आणि बसवून घेऊही नका. पण एका मुलीने नुसतं उभं राहून अख्ख्या हॉस्पिटलचं नेटवर्क पाडलं होतं. रोज. दुपारी चारला!

हॉस्पिटलच्या गच्चीवर एक डिश, समोरच्या टेकडीवरच्या दवाखान्याच्या गच्चीवर दुसरी. दोघींनी एकमेकींकडे अगदी नाकासमोर बघायचं. मध्ये तार नाही की काही नाही. टेकडीवरच्या पेशंटचे एक्सरे खालच्या डॉक्टरांना दिसायचे ते याच वाटेने. खालची डिश सांभाळणारा लिंकवाला दिसायला रुबाबदार, डोक्याने तल्लख... स्वभावाने मात्र तापलेला तवा. वरची डिश दवाखान्यातली एक्सरेवाली बघायची.

"मॅडम, परत पडला सिग्नल!" तो फोनवर करवादला. "डिश हलवलीत?"

"बोटसुद्धा लावलं नाही हो."

"मग तिथे करताय काय?"

"काही नाही... उभी आहे. आज निळा शर्ट घातलाय ना तुम्ही?"

"शर्टाचं काय घेऊन बसलात! इथे माझी नोकरी चाललीय!"

खोटं नव्हतं ते. साहेबांनी बजावलं होतं, "उद्या चारला मोठे डॉक्टर स्वतः बघणार आहेत. लिंक पडली, तर तू स्टोअरमध्ये. जन्मभर स्क्रू मोजत बस."

बिचाऱ्याने केबल बदलली, कनेक्टर बदलला, चॅनल बदलला. शिव्या तेवढ्या त्याच राहिल्या. घोडं कुठे पेंड खातंय, ते काही कळेना. शेवटी दुसऱ्या दिवशी तो कुणाला न सांगता टेकडी चढला. धापा टाकत गच्चीचं दार ढकललं, आणि बघतो तर...

डिशच्या ऐन तोंडासमोर एक्सरेवाली! वाऱ्यावर उडणारे केस, कपाळावर आडवा हात, नजर थेट खालच्या गच्चीवर.

"तुम्ही... डिशसमोर?"

ती दचकली. "चारला तुम्ही गच्चीवर येता, ते इथूनच तर नीट दिसतं. आज निळा शर्ट काही दिसेना... जीव खालीवर झाला नुसता."

"अहो, महिनाभर माझा जीव खालीवर होतोय! बाजूला व्हा आधी!"

ती बाजूला झाली. नेमकी त्याच्या बाजूला. तेवढ्यात साहेबांचा फोन, "लागली रे लिंक! काय केलंस?"

"अडथळा बाजूला केला, साहेब," म्हणत त्याने फोन ठेवला.

"म्हणजे आता पडणार नाही," ती डिशकडे बघत पुटपुटली. "तुमचा फोनही येणार नाही."

"येईल की..."

"कशाला?"

"लिंक छान चाललीय, हे सांगायला. रोज."

ती हसली. अन् त्या हसण्याने खालच्या सिग्नल मीटरचा काटा असा उसळला, की काच फोडून बाहेर आला! मग तिनेच त्याला लग्नाचं विचारलं. त्याने जरासे आढेवेढे घेतले, आणि—

"आढेवेढे?" आतल्या खोलीतून चष्मा पुसत एक्सरेवाली बाहेर आली. "काय हो, पोरांना काय थापा मारताय? डिशसमोर तुम्ही उभे राहायचात, दुर्बीण लावून! निळा ड्रेस माझा होता. आणि धापा टाकत टेकडी उतरून आले होते ती मी!"